सरळ केलेली धून

माझ्या बायकोची धून पुण्याच्या एका माणसाने सरळ केली, तिथून हे सगळं सुरू झालं. मला विचारलं नाही. मेलेल्या माणसाला तर कोण विचारतो.

आधी धून म्हणजे काय ते सांगतो. ही काही गाणारी बाई नव्हती. भजनाला बसली तरी नुसते ओठ हलवायची. पण सकाळ-संध्याकाळ गाईखाली बसली की गळ्यातल्या गळ्यात गुणगुणायची. शब्द नाहीत. चार-पाच सूर, वर जायचे आणि खाली यायचे. ते सुरू झालं की गाय पान्हा सोडायची आणि बादलीत धार वाजायला लागायची. चाळीस वर्षं ते माझ्या कानावर पडलं आणि एकदाही मी कान देऊन ऐकलं नाही. गोठ्यात माशा असतात, शेणाचा वास असतो, तसंच तेही.

गेल्या पौषात हिच्या छातीत कळ आली. टेम्पोत घालून निघालो. घोडेगावचा चौक यायच्या आधीच ती गेली हे मला कळलं होतं. पण मी डायव्हरला सांगितलं नाही. तो जिवाच्या आकांताने चालवत होता, त्याला तसं चालवू दिलं.

तिच्यामागे घरात मी आणि एक जर्शी गाय, एवढे उरलो. त्या गाईला मी नको आहे. मी खाली बसलो की ती पान्हा चोरते, निम्मी धार झाली की पाय झाडते. एकदा मी हिच्यासारखं गुणगुणून बघितलं, तर तिने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. तेव्हापासून मी गुणगुणत नाही. शिव्या देतो आणि निघेल तेवढं दूध काढतो.

आमची एकच मुलगी. ती नगरला सावेडीत राहते, शाळेत संगीत शिकवते आणि गिटार वाजवते. सिनेमातली उभं राहून वाजवायची ती गिटार नव्हे. हिची नायलॉनच्या तारांची, डावा पाय छोट्या पाटावर उंच ठेवून मांडीवर घ्यायची, बोटांनी एकेक तार छेडायची. नगरला हॉस्टेलला होती तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या सरांनी तिला हे वेड लावलं. मग पुण्याला जाऊन शिकली. उजव्या हाताची नखं वाढवते, डाव्या हाताची कापते. गावातल्या बाया म्हणायच्या, "एकाच हातानं नटती व्हय गं ही?" तर माझी बायको त्यांना सांगायची, "तिचं अवजार हाय ते." मला ते अवजार कधी कळलं नाही. मी म्हणायचो, नोकरी लागली, लग्न झालं, आता हे टुंगटुंग कशाला.

दिवाळीला आली होती तेव्हा मुलीने गोठ्यात बसून आईची धून मोबाईलमध्ये भरून घेतली होती. दोन मिनिटांची. आई गेल्यावर तिने ती पुण्याच्या एका मित्राला ऐकवली. हा मित्र संगीत वाजवत नाही, लिहितो. कागदावर पाच रेघा, त्यावर टिंबं, आणि त्या टिंबांना शेपट्या. तो म्हणाला, यावरून गिटारसाठी नवी रचना करू, मी लिहितो, तू वाजव. वैशाखात दोघं चार दिवसांसाठी आमच्या वस्तीवर राहायला आले. त्याला गोठा बघायचा होता.

मला वाटायचं, लिहिणारा लिहून मोकळा होतो आणि वाजवणारा समोर ठेवून वाजवतो. तसं नसतं. ओट्यावर सतरंजी टाकून दोघं सकाळपासून बसायचे. तो एक ओळ लिहून द्यायचा, ती वाजवून बघायची आणि म्हणायची, "हे हाताला येत नाही."

"का येत नाही?"

"बोटं एवढी फाकत नाहीत. पियानोवर बसून लिहितोस आणि आम्हाला मारतोस. धर, तूच वाजवून दाखव."

"बरं, मग खालचा सूर काढतो."

"खालचा राहू दे. वरचा मोकळ्या तारेवर दे. मी बोट उचललं तरी तो वाजत राहील."

तो खोडायचा, पुन्हा लिहायचा. एका सुरावरून अर्धा अर्धा तास. बाजारात बैलाच्या दातांवरून होते तशी घासाघीस. आणि मधूनच एखादी ओळ जमली की दोघं खूश. तो म्हणायचा हे तुझं, ती म्हणायची नाही रे, तुझंच.

मला राग यायचा. बाईला जाऊन चार महिने झाले नाहीत आणि तिच्याच ओट्यावर बसून हे हसतात. चहा मीच करून द्यायचो. पहिल्याच दिवशी लिहिणारा म्हणाला, "काका, साखर थोडी कमी चालेल."

म्हटलं, "मला न्हाई चालत. प्यायचा तर प्या."

मुलगी म्हणाली, "आबा, पाहुणे आहेत."

"पाहुणा हाय म्हणून तर दिला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं आणि झालं तेवढं वाजवून दाखवलं. धून तीच होती. ओळखू येत होती. पण दोरी लावून सरी पाडाव्यात तशी सरळ. प्रत्येक सूर सारख्या अंतरावर.

"कसं वाटलं, काका?" लिहिणाऱ्याने विचारलं.

"ही तिची न्हाई."

"सूर चुकलेत का कुठे?"

"सूर हायेत. ती अशी सरळ जायाची न्हाई."

तो जरा ओशाळला. म्हणाला, मोबाईलमधल्या धुनेत दर दुसऱ्या ठोक्याला उशीर होत होता. त्याला वाटलं मोबाईलचा दोष असेल, नाहीतर वयामुळे दम लागत असेल. म्हणून लॅपटॉपवर टाकून त्याने सगळे ठोके सारखे करून घेतले आणि मग कागदावर उतरवले.

माझं डोकं फिरलं. पाहुणा-बिहुणा राहिला बाजूला. "तू बसलायस का कधी गाईखाली? दोन हातानं धार काढतेत. तिच्या उजव्या हाताची धार जाड, डाव्याची बारीक आन उशिरा. डाव्या हाताचं मधलं बोट न्हवतं तिला. मूठ पुरी वळायची न्हाई. मग डाव्या हाताला ती सूर धरून ठिवायची, मूठ बसंपर्यंत. अशी पस्तीस वर्षं काढली तिनं. आन तू दोन दिवसात सरळ करतोस?"

हे मला इतकं बारीक ठाऊक आहे, हे माझं मलाच तेव्हा कळलं.

त्याला राग आला नाही. त्याने वही उघडली आणि म्हणाला, "काका, परत सांगा. उजवी जाड, डावी बारीक?" त्यामुळे मी आणखी चिडलो. भांडणाऱ्या माणसासमोर वही काढतात का.

मुलगी कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे हो, आईचं बोट. मला इतकं सवयीचं झालंय की लक्षातच आलं नाही."

"कसं गेलं?" लिहिणाऱ्याने विचारलं.

मुलगी हसली. वाईट नव्हती हसली, आठवण येऊन हसली. "कडबाकुट्टीत. आमची आई एक नंबरची धांदरट. बोलता बोलता कुठंही हात घालायची. आबा तिला सांगून सांगून थकले, पात्यापासून हात लांब ठेव म्हणून. हो ना आबा?"

मी म्हणालो, "चहा ठिवतो."

चहा नुकताच झाला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी रानातून आलो तर ओट्यावर हसाहस चाललेली. लिहिणारा म्हणत होता, "हे फार छान होईल. धून नीट चाललीय, चाललीय, आणि मधेच एकदम घसरते. सगळ्या तारांवरून खाली. लोक हसतील. मग ती सावरते, काही झालंच नाही असं दाखवते आणि पुढे जाते. आईंचा स्वभाव त्यात येईल."

मुलीने वाजवलं. बोटं तारांवरून घसरली, खडखड झाली, मग थोडं थांबणं, मग दोन सूर असे की एखादी बाई सांडलेलं पटकन पदराने पुसते. हुशार पोरगी आहे. डोळे पुसत हसत म्हणाली, "अगदी आई."

मी खांबाला टेकून उभा राहिलो. मला कळत होतं काय होतंय ते. हे कागदावर छापणार. पुण्यात वाजवणार, आणखी कुठं कुठं वाजवणार. ज्यांनी माझ्या बायकोला कधी पाहिलं नाही अशी माणसं तिकीट काढून येणार, त्या जागेवर हसणार आणि म्हणणार, गरीब बिचारी, धांदरट होती. गावात तिला धांदरट म्हणायचे, ते गावापुरतं होतं. म्हणणारी निम्मी मेलीसुद्धा. कागदावरचं मरत नाही.

आता खरं काय ते सांगतो.

मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. घोडेगावच्या बाजारातून मी एक गाय आणली. ही नकोच म्हणत होती. कास बघूनच म्हणाली होती, ही दूध देणार नाही. मी ऐकलं नाही. गाय धड तांब्याभर दूध देईना. एका दुपारी भावकीतले दोघं बसलेले, त्यांच्यासमोर ही म्हणाली, "ह्यांना गाईतलं काय कळतंय. ह्यांनी शेपूट बघून घेतली." ते दोघं लई हसले. मीपण हसलो.

ते गेल्यावर आम्ही कडबा कापायला घेतला. आमची कडबाकुट्टी हाताची होती, मोठं चाक आणि त्याला दोन पाती. ही पेंढी आत सरकवत होती, मी चाक फिरवत होतो. एक धाट आडवं अडकलं. ती म्हणाली, "थांबा." मी थांबलो. तिने धाट काढायला हात घातला आणि हात आत असतानाच म्हणाली, "काय बघताय? हितं बी शेपूट शोधताय व्हय?"

मी चाक ओढलं. हात आत आहे हे मला दिसत होतं.

दचकवायचं होतं, असं मी मनाशी म्हणत आलो. असेलही. पण थांबा म्हणालेलं मी ऐकलं होतं, हात बघितला होता आणि चाक ओढलं होतं. डॉक्टरने विचारलं, कसं झालं. मी म्हणालो, हिचं ध्यान नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरकडे बघून मान हलवली. त्यावर आमच्या दोघांत पुन्हा एक शब्द झाला नाही. मरेपर्यंत नाही. मी घरी येऊन तेच सांगितलं, भावकीत तेच सांगितलं, जावा तिला धांदरट म्हणायला लागल्या आणि त्यांचं ऐकून पोरगी म्हणायला लागली. ती फटकळ तोंडाची बाई. गाईवरून मला चारचौघांत बोलली, आणि ह्यावरून मात्र नाही बोलली. का, ते मला अजून कळलेलं नाही. लोक म्हणतील प्रेम. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, तिने माझ्यातून आशा सोडली.

त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जर्शी गाईने बादलीला लाथ मारली, सगळं दूध सांडलं. मी तिला दाव्याने मारायला हात उचलला आणि तसाच खाली केला. चाक ओढणारा हात तोच.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पहिल्यापासून वाजवायला घेतलं. घसरायची जागा जवळ आली तसा लिहिणारा आधीच हसायला लागला. मी म्हणालो, "बंद कर."

मुलीने तारांवर हात ठेवला.

"ती धांदरट न्हवती."

"आबा, आम्ही काय वाईट अर्थाने म्हणतोय का? प्रेमाने म्हणतोय."

"तुझं प्रेम ठिव बाजूला. तिचं बोट मी तोडलं."

तिला वाटलं मी दुःखाने काहीतरी बरळतोय. मऊ आवाजात म्हणाली, "आबा, चाक तुम्ही फिरवत होता, म्हणून काही तुमची चूक..."

"थांबा म्हणाली हुती ती. मी थांबलो हुतो. हात आत गेलेला दिसला आन मग ओढलं."

मग तिने विचारलं, "रागाने?"

"व्हय."

"कशाचा राग?"

"गाईचा. चारचौघात बोलली मला."

"गाईवरून." एवढंच म्हणाली. गिटार शेजारी आडवी ठेवली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "माझ्या लग्नात मी म्हणाले होते, आईच्या हातात करा-दिवा काही देऊ नका, पाडेल ती. सगळा मांडव हसला होता. आईपण हसली होती. तुम्ही तिथंच होता."

"हुतो."

"तुम्हीपण हसलात."

हसलो होतो.

ती उठून गोठ्यात गेली. लिहिणारा बिचारा कुठं बघावं ते न कळून कागदांकडे बघत बसला. मग म्हणाला, "काका, मी निघतो."

"कुठं निघता? गाडी दुपारी हाय."

त्याने खोडरबर घेतलं आणि ती घसरायची जागा खोडायला लागला. कागद काळा होईपर्यंत खोडत होता. मला त्या माणसाचा चार दिवसांत पहिल्यांदाच राग आला नाही.

मुलगी आली. तोंड धुऊन आली होती. गिटार मांडीवर घेतली, उजव्या हाताचं मधलं बोट तळव्यात दुमडलं आणि उरलेल्या बोटांनी आईची धून वाजवायला लागली. पहिल्यांदा नुसताच गोंधळ. दुसऱ्यांदाही. बोट एक कमी, तर बाकीच्यांना त्याच्या तारेवर धावत जावं लागत होतं, आणि पोचायला उशीर होत होता. तिसऱ्या का चौथ्या वेळी त्या उशिराच्या जागी आधीचा सूर लांबला, आपोआप. मी खाली बसलो.

लिहिणारा म्हणाला, "हा ठेका मी लिहून काढतो. थांब, मोजू दे."

"मोजू नको," ती म्हणाली. "मोजून लिहिलंस तर लोक सगळ्या बोटांनी लंगडं वाजवतील. नाटक होईल. तू सूर सरळच लिही आणि वर लिही, मधलं बोट वापरायचं नाही."

मी म्हणालो, "तिचं डाव्या हाताचं गेल्तं."

"माहितीये मला कोणत्या हाताचं. गिटारवर धार उजव्या हातात असते." हे ती मला म्हणाली, पण बघत कागदाकडे होती.

"कुठपासून कुठपर्यंत?" लिहिणाऱ्याने विचारलं.

"पहिलं पान सगळ्या बोटांनी. तिथून पुढे शेवटपर्यंत नाही."

"फार अवघड होईल गं. दुसरं कुणी वाजवणार नाही हे."

"शिकतील. आई शिकली."

दुपारच्या गाडीने दोघं गेले. मुलगी पाया पडली नाही.

पुढं रचना पुरी झाली. कागद छापायचे होते, त्यावर वर चार ओळी माहिती लागते म्हणे. लिहिणाऱ्याने काहीतरी लिहून तिला पाठवलं, तिने फोनवर मला वाचून दाखवलं. ग्रामीण स्त्रीच्या श्रमांना वाहिलेली रचना, एका दुर्दैवी अपघातात बोट गमावूनही, वगैरे वगैरे. मी ऐकतच तापलो. दैवाचा काय संबंध? चाक माझ्या हातात होतं.

"हे छापू नका," मी म्हणालो.

"मग तुम्ही लिहा."

"मला कुठं येतंय?"

"चौथी झालीय तुमची. बास आहे."

मी दोन दिवस बसून लिहिलं आणि फोनवर तिला वाचून दाखवलं. मी लिहिलं होतं, माझ्या हातून चुकून चाक ओढलं गेलं. तिने विचारलं, "चुकून?"

मी कागदाची घडी घातली.

"आबा, चुकून का?"

"न्हाई."

"मग खोडा ते."

खोडलं. शेवटी राहिलं ते असं: माझ्या बायकोच्या डाव्या हाताचं मधलं बोट मी रागाने कडबाकुट्टीचं चाक ओढून तोडलं. ती थांबा म्हणाली होती. नंतर मी सगळ्यांना तिचीच चूक सांगितली. ती धांदरट नव्हती. त्या हाताने तिने पुढं आयुष्यभर धारा काढल्या. लिहिणाऱ्याला वाटत होतं हे फार कडक होतंय, जरा मऊ करू. मुलगी म्हणाली, एक अक्षर बदलायचं नाही. माझंही तेच म्हणणं होतं. आम्हा बापलेकीचं एकमत झालं ते त्याच गोष्टीवर.

दसऱ्याच्या आधी सावेडीतल्या एका शाळेच्या सभागृहात तिचा कार्यक्रम झाला. मी बोलावल्याशिवाय गेलो नाही. तिने बोलावलं, पण पुढच्या रांगेत बसा म्हणाली नाही. मी मागं, दाराजवळच्या खुर्चीवर बसलो. शेजारी एक पेन्शनर दिसणारा माणूस होता, इस्त्रीच्या कपड्यातला.

तिने वाजवायच्या आधी ते कागदावरचं वाचलं. नाव घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. वाचताना आवाज हलला नाही.

शेजारचा माणूस माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कसली माणसं असतात हो एकेक. आणि वर लिहून देतात."

"मीच तो," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग आपले गुडघे आपल्याकडे ओढून घेतले आणि समोर बघायला लागला. बरं केलं त्याने. मला समजावत बसला असता तर मी उठून गेलो असतो.

पहिलं पान संपलं. तिने मधलं बोट तळव्यात घेतलं आणि धून लंगडायला लागली. कुणी हसलं नाही.